तान्ह्या पोळ्यातलं इंजिन

माझी नात रुचिता आज मालगाडी चालवते. हे वेड तिला कुठून लागलं, असं लोक विचारतात. मी त्यांना ती सात वर्षांची असतानाचा तान्हा पोळा सांगते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून देवळापुढे रांगेत उभी राहतात. रुचिताने आठवड्यापूर्वीच तुमसर रोड स्टेशनवर पहिल्यांदा मालगाडी पाहिली होती. तिने चाकांच्या फळीवरचा बैल काढला, तिथे खोक्याचं इंजिन बसवलं आणि त्यावर बैलाचीच झूल घातली.

रांग पाहायला आलेले ताराचंद पंच थबकले. मला म्हणाले, "हा कोणता बैल वो काकू? याचे शिंगं कोठी आहेत? काढा याले रांगेतून."

रुचिताचे डोळे भरले, पण ती हलली नाही.

"काहून काढू? तुमचा बैल एक बंडी वढते. माह्यं इंजिन अख्खी मालगाडी वढते!"

सारे खो खो हसले.

"बरोबर हाये पोरीचं," म्हणत ताराचंदांनी वाकून इंजिनाला टिळा लावला.

ती दोरी ओढत घरी निघाली. मी तिला मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेलं, साऱ्या गावाला इंजिन दिसावं म्हणून.