सात हजारांश सेकंद

“पाना माझ्याच हातून पडला, मॅडम,” पंपमास्तर म्हणाले आणि खोलीतला आनंद जागच्या जागी थिजला.

चार किलोमीटर लांबीच्या नळीतली हवा उपसणारे पंप ते एकतीस वर्षं सांभाळत होते. त्या नळीतून जाणारा प्रकाश आकाशातून येणारी कंपनं टिपायचा. त्या सकाळी एक सुरेख कंपन आलं होतं. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याचं ते असावं, असं सगळे म्हणत होते. खात्री करण्यासाठी प्रमुख बाईंनी फक्त विचारलं होतं, “तेव्हा नळीजवळ कुणी होतं?”

नोंदी चालू असताना तिकडे फिरकायला मनाई होती. पण एक पंप कण्हत होता, तो बंद पडला तर नळीच निकामी होईल या धास्तीने मास्तर गेले होते. कुणी पाहिलं नव्हतं. निवृत्तीला चार महिने उरले होते.

“किती वाजता?” बाईंनी विचारलं.

“नऊ सव्वीस.”

कंपनही नऊ सव्वीसचंच होतं. मास्तर बाहेर बाकावर जाऊन बसले. डबा उघडायचंही त्यांना सुचलं नाही.

दुपारी बाईंनी त्यांना पडद्यासमोर बसवलं. “हा खडबडीत दणका तुमच्या पान्याचा. आणि त्याच्या अकरा सेकंद आधीचं हे कंपन. तीन हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या यंत्रातही हुबेहूब हेच आलंय, सात हजारांश सेकंदांच्या फरकाने. तुमचा पाना काही तिकडे ऐकू गेला नसता.”

मास्तरांच्या जिवात जीव आला. “लांबून आलंय का हो?”

“शंभर कोटी वर्षांहून जास्त चालत होतं. वाटेत विश्वच पसरत गेलं, त्याबरोबर ही लाटही ताणली गेली.”

“आणि एवढं करून पोचली,” मास्तर हळूच म्हणाले.

“तुम्ही बोलला नसता तर त्या दणक्याचा छडा लावण्यात आमचे महिने गेले असते. शंका राहिली असती ती वेगळीच.” बाई अडखळल्या. त्यांच्या हातात एक कागद होता. “पण नियम मोडल्याचा मेमो मला द्यावाच लागेल, मास्तर.”

“द्यायलाच हवा. सही कुठे करू?”

त्यांनी चष्मा पुसला, मेमो शेवटपर्यंत वाचला आणि सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली. ती होईपर्यंत बाई उभ्याच होत्या.