झऱ्यापर्यंतचा शिक्का

निवृत्त पोस्टमास्तरांना निसर्ग फार आवडे, विशेषतः बसून. गावाबाहेरच्या टेकडीवर अर्ध्या तासाच्या चढावर एक सपाट खडक होता. त्यांच्या निसर्गप्रेमी मंडळाची दर रविवारची झऱ्यापर्यंतची पायपीट गेली बारा वर्षं त्या खडकापाशीच संपत असे. झरा तिथून पुढे तासाभराच्या वाटेवर होता म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की मंडळाच्या तिन्ही सभासदांपैकी एकानेही तो पाहिलेला नव्हता.

पहिल्या रविवारी ते खरोखर झऱ्यालाच निघाले होते. खडकावर टेकले, डबे उघडले, कॅशियरसाहेबांच्या गुडघ्याने संप पुकारला आणि दातांच्या डॉक्टरांना जांभई आली. पुढच्या रविवारी जाऊ, असं एकमताने ठरलं. पण पोस्टमास्तरांनी हौसेने एक रबरी शिक्का आधीच करून आणला होता : ‘झऱ्यापर्यंत’. आता तो पिशवीतून आणला तसाच परत कसा न्यायचा? त्यांनी नोंदवहीत तारीख घातली आणि शिक्का मारला. आयुष्य टपालखात्यात गेलेला माणूस. हाताने लिहिलेलं खोटं असू शकतं, शिक्का मारलेलं नाही, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती.

तेव्हापासून सहाशेच्या वर शिक्के पडले. खडकावर उकडलेली अंडी आणि केळी खायची, मग डॉक्टरांनी तोंडाने पक्ष्यांचे आवाज काढायचे आणि कॅशियरांनी ते ओळखून वहीत टिपायचे. त्यानंतर तासभर डुलकी. एक वाजता घरी, दमूनभागून.

झऱ्यावर भाषणं द्यायला मात्र पोस्टमास्तर कायम तयार. तीन काळे दगड, दगडांमधून पडणारी धार, खाली डोहात भर दुपारीही बर्फासारखं पाणी. हा सगळा माल त्यांनी बायकोकडून उचलला होता. तिचं माहेर टेकडीच्या पायथ्याचं, लहानपणी ती त्या डोहात पोहायला शिकलेली. मंडळाच्या पहिल्या रविवारी तीही बूट घालून दारात उभी राहिली होती.

“मी पण येते.”

“अगं, हा काय बागेतला फेरफटका आहे? तुला झेपायचं नाही.”

तिने बूट काढून ठेवले आणि पुन्हा कधी विचारलं नाही. पोस्टमास्तरांना तो तिचा समजूतदारपणा वाटला. एकच गोष्ट त्यांना खटके. रविवारी ते घरी येत तेव्हा तिचे केस ओले असत.

“एवढ्या उशिरा अंघोळ?”

“तुम्ही घरात नसलात की निवांत होते,” ती म्हणे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. पण माणसाला नाव हवं असतं. पोस्टमास्तरांनी वनखात्याला अर्ज केला, की झऱ्याच्या वाटेला ‘पोस्टमास्तर मार्ग’ म्हणावं. पुरावा म्हणून नोंदवहीची नक्कल जोडली. फलक तर आधीच रंगवून कॅशियरांच्या माळ्यावर ठेवला होता. आणि नेमक्या त्याच महिन्यात खात्यात नव्या अधिकारी बाई आल्या, कागद वाचणाऱ्या. त्यांचं उत्तर आलं : ‘आपली चिकाटी थक्क करणारी आहे. रविवारी मी येते. मला झऱ्यापर्यंत न्यावं, म्हणजे फलक लगेच लावू.’

मंडळाची पाचावर धारण बसली. कॅशियरांचा गुडघा बुधवारपासूनच दुखू लागला. डॉक्टरांना लांबच्या एका मावशीची आठवण आली. पोस्टमास्तरांनी दोघांनाही दम भरला. आता माघार घेतली तर बारा वर्षांची अब्रू जाणार होती, आणि त्यांच्याकडे निवृत्तीनंतर तेवढीच एक शिल्लक होती.

शनिवारी बायको इस्त्री करत असताना ते जवळ घुटमळले.

“झऱ्याची वाट आठवते का गं तुला? सहज विचारतोय.”

“तुम्हाला पाठ असेल की. सहाशे वेळा गेलात.” तिने इस्त्री उभी केली. “का? उद्या काही विशेष आहे?”

“छे! नेहमीसारखाच रविवार.”

तेवढं ऐकून ती पुन्हा कपड्यांकडे वळली.

रविवारी मंडळ नेहमीच्या वेळी निघून पायथ्याशी तासभर थांबलं; अधिकारी बाई नऊला आल्या. वयाने पोस्टमास्तरांच्या धाकट्या मुलीएवढ्या, पण पायात असे बूट की बघूनच कॅशियरांना धाप लागली. खडकाशी पोचल्यावर बाईंनी आजूबाजूला पाहिलं. बारा वर्षांच्या टरफलांनी जमीन पांढरी झाली होती.

“इथे कुणीतरी अंडी खात बसतं वाटतं.”

“लोकांना शिस्त म्हणून नाही,” पोस्टमास्तर म्हणाले. डॉक्टरांनी हातातली डब्याची पिशवी पाठीमागे धरली.

खडकाच्या पुढे वाटेला तीन फाटे फुटले होते आणि पोस्टमास्तर तिन्हींकडे आळीपाळीने पाहू लागले. तेवढ्यात डावीकडच्या फांदीला बांधलेली कापडाची चिंधी दिसली. निळ्या चौकड्यांची. तसल्याच चौकड्यांचा त्यांचा एक लाडका शर्ट होता. तीन वर्षांपूर्वी तो जुने कपडे नेणाऱ्याला दिला, असं बायको म्हणाली होती.

“या वाटेच्या खुणा का?” बाईंनी विचारलं.

“आम्हीच बांधल्या,” पोस्टमास्तर म्हणाले. बाईंनी तसं टिपून घेतलं.

दर वळणावर चिंधी होती. एकीवर शिक्क्याच्या शाईचा जांभळा डाग होता, खिशापाशी पडलेला. तो पोस्टमास्तरांनी चटकन ओळखला आणि तितक्याच चटकन ओळखायचं नाकारलं. पुढे पांढऱ्या डॉक्टरी कोटाची बाही लटकत होती. डॉक्टर तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि मग चालू लागले.

शेवटच्या चढावर पाण्याचा आवाज आला, आणि त्यात हसण्याचा. अधिकारी बाई पुढे होत्या, त्यांनी झुडूप बाजूला सारलं.

“अगं बाई, पुरुष!” कुणीतरी किंचाळलं. ती डॉक्टरांची बायको होती.

“तोंडं फिरवा! तिघंही!” हा दुसरा आवाज. पस्तीस वर्षं घरात चहा ठेवू का विचारणारा.

तिघं गर्रकन फिरले आणि समोरच्या झाडाच्या बुंध्याकडे पाहत उभे राहिले.

“तुम्ही नेहमी येता?” मागे अधिकारी बाई विचारत होत्या.

“दर रविवारी. बारा वर्षं झाली,” पोस्टमास्तरांची बायको म्हणाली. “हे निघाले की आम्ही ओढ्याकडून वर चढतो, खडकाच्या मागून. उतरताना तिथवर यांचं घोरणं ऐकू येतं.”

“आणि त्या चिंध्या?”

“मी बांधल्या. कॅशियरवहिनी सारखी वाट चुकायची.”

अधिकारी बाई हसल्या. मग बूट काढल्याचा आणि पाण्यात पाय घातल्याचा आवाज आला. “फलकावर मग तुमचंच नाव घालायला हवं.”

“नको हो. फलक लावला की लोक यायला लागतील.”

पुन्हा सगळ्या हसल्या. पोस्टमास्तरांना खोटं उघडं पडल्याची लाज वाटलीच, पण त्याहून खोल लागलं ते तिचं हसणं. पाण्यातून आलेलं, मोकळं, पोरीसारखं. असं हसणं त्यांच्या घरात त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं, आणि ते इतकी वर्षं दर रविवारी इथे होतं. मागे दहा पावलांवर तीन काळे दगड होते. त्यांना फक्त एकदा मागे वळायचं होतं.

“वळू का?” त्यांनी हळूच विचारलं.

“मुळीच नाही,” डोहातून तीन आवाज आले.

काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी पिशवीतून नोंदवही काढली, शिक्का काढला आणि हात तसाच हवेत राहिला.

“मारा की,” बायको मागून म्हणाली. तिला त्यांच्या पाठीवरूनही सगळं कळत असे. “आज पहिल्यांदाच खरा होईल.”

डॉक्टर आणि कॅशियर बुंध्याकडे अधिकच बारकाईने पाहू लागले. पोस्टमास्तरांनी वही झाडाला टेकवली आणि शिक्का मारला : ‘झऱ्यापर्यंत’. मग खिशातून पेन काढून, बारा वर्षांत प्रथमच, त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं : ‘दिसला नाही.’