तोंडाने काही नाही

“शर्ट वर करा,” मी म्हणाले.

यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

“अहो, काल रात्रीचंही राहिलंय.”

“भूक नाही.”

भुकेचा प्रश्नच नव्हता. यांच्या पोटात एक नळी बसवलेली आहे. सात महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, बोलणं जड का होईना पण आलं, गिळणं मात्र गेलं ते गेलंच. घास श्वासनळीत उतरतो. हॉस्पिटलात खाटेवर पाटीच लावली होती: तोंडाने काही नाही. तेव्हापासून दुधासारखं पातळ खाणं बाटलीत भरायचं, बाटली उंच टांगायची आणि नळीने पोटात सोडायचं.

हॉटेलच्या खोलीत मी ती खिडकीच्या कडीला टांगली होती. बाटलीच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. एवढं देखणं दृश्य इतक्या वैतागाने दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल.

हे बस डेपोच्या कॅन्टीनचे आचारी. एकतीस वर्षं. शेगडीच्या वर तेलकंपनीचं फुकटचं कॅलेंडर होतं आणि त्यावर या गावाचं चित्र: डोंगर, खाली किनारा, किनाऱ्यावर मांडलेली टेबलं. वर्ष सरलं तरी यांनी ते पान उतरवू दिलं नाही. धुराने डोंगर काळा पडला. “रिटायर झालो की तिथे जाऊन बसणार,” हे म्हणायचे, “आणि दुसऱ्याच्या हातचं खाणार. मीठ कमी असलं तरी बोलणार नाही.” मी म्हणायचे, “दुसरं बोला. तुम्ही आणि गप्प बसाल?” कारण ज्याच्या-त्याच्या पातेल्यात बोटाचं टोक बुडवून जिभेला लावायचं, ही यांची जन्माची खोड.

रिटायर झाल्यावर अकराव्या दिवशी झटका आला.

“आई, बाबांना तिकडे ने, मन रमेल,” म्हणून लेकीने तिकिटं काढली. हे तयार झाले, पण अट घालून. “परत आलो की नळी काढायची. डॉक्टरांशी बोललोय मी. तू आडवी यायचं नाहीस.”

मी हो म्हटलं. चार दिवस हातात होते. मी एका दुकानात कपडे अल्टर करते. मापात न बसणारं बसवून द्यायचं, हेच आयुष्यभर केलं. यांच्या पँटी सात महिन्यांत तीनदा आत घेतल्या. माणूसही घेता येईल थोडा इकडून तिकडून, असं वाटलं.

ज्याला गिळता येत नाही त्याला खाण्यापिण्यासाठी नावाजलेल्या गावात घेऊन यायचं, हे शहाणपण आमच्याच घरात सुचायचं. पहिल्या दिवशी रोप-वेने डोंगरावर गेलो. लोक दरी बघत होते आणि हे उपाहारगृहाच्या धुराड्याकडे. “कांदा करपवला,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जिकडे बघावं तिकडे तोंडं हलत होती. यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येते, म्हणून हातात सतत रुमाल. शेजारच्या बाईने तो बघितला आणि आपली खुर्ची वळवून घेतली. तिसऱ्या दिवशी बाहेर पडायलाच तयार होईनात. मी बाथरूममध्ये नळ सोडून, उभ्या उभ्या पाव खात होते, तेव्हा बाहेरून आवाज आला.

“कोरडा आहे तो. नळ बंद कर आणि इथे येऊन खा. घशात अडकेल.”

त्या संध्याकाळपासून यांनी बाटली नाकारली.

आज चौथा दिवस होता. उद्या परतायचं. म्हणजे नळी.

द्राक्षमळ्याची सहल तिकिटातच होती. खोलीत बसून भिंतीशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून यांना ओढतच बसमध्ये बसवलं. आम्हा दोघांनाही वाइनमधलं काडीचं कळत नाही. थंडगार दगडी खोलीत लांब टेबल, वाइन ओतायला साठीची एक बाई, तिच्या खांद्यावर टॉवेल. तिने प्रत्येकापुढे ग्लास ठेवला आणि दोघांत एक स्टीलची बादली.

“घोट घ्या, तोंडात घोळवा आणि बादलीत थुंका,” ती म्हणाली. “लाजू नका. गिळत बसलात तर चौथ्या ग्लासाला दूध दिलं तरी छान म्हणाल.”

यांनी माझ्याकडे बघितलं. सात महिन्यांत असं बघितलं नव्हतं.

“अहो, नको.”

पण घोट घेतला होता. डोळे मिटले, गाल हळूहळू हलले. मग वाकून बादलीत थुंकले. थोडं हनुवटीवरून ओघळलं. शेजारच्या जाडजूड गृहस्थांच्याही ओघळलं होतं. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

“लाकूड लागतंय,” हे म्हणाले. “पिंपात जास्त राहिलीय.”

बाईचा हात थांबला. “दादा, दोन महिने जास्त. सकाळपासून तीन बस येऊन गेल्या, कुणी ओळखलं नाही. काय करता आपण?”

“आचारी आहे.”

होतो नाही, आहे. मी टेबलाखाली स्वतःचाच हात घट्ट धरला.

दुसरा ग्लास झाला, थुंकले. तिसरा तोंडात घेतला, घोळवला. बाईने बादली पुढे सरकवली. हे वाकले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले आणि मला यांचा कंठ वर जाताना दिसला.

त्यानंतरचा खोकला आठवायला नको. चेहरा काळानिळा, डोळे बाहेर. बाईने पाठीवर थापट्या मारल्या, त्या गृहस्थांनी खिडकी उघडली. बऱ्याच वेळाने बाहेरच्या बाकावर श्वास जागेवर आला एकदाचा.

“मुद्दाम केलंत,” मी म्हणाले.

“हो.”

“मरायचं होतं? माझ्यासमोर?”

“नाही गं.” आवाजात पाणी अडकल्यासारखी घरघर होती. “उतरतंय का बघायचं होतं. म्हटलं, चव आली, तर तेही आलं असेल.”

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, असं काही छातीत गेलं तर पहिल्यांदा ताप येईल. बसमध्ये मी पाच मिनिटांनी एकदा यांच्या कपाळाला हात लावत होते. शेवटी हे म्हणाले, “इस्त्री आहे का तापलेली? पुरे.”

खोलीवर आलो तेव्हा समुद्रावर ऊन उतरत होतं. मी बाटली भरली, कडीला टांगली. शर्ट वर करा म्हणायला तोंड उघडलं, तोवर यांनी बटणं काढली होती.

“आधी तुझं ताट आण. इथे. बाथरूममध्ये नाही.”

खालून भाजलेला मासा आणि पाव आणला. यांनी ताट स्वतःच्या मांडीवर घेतलं. चांगल्या हाताने एकेक काटा काढून कडेला ठेवला आणि मऊ तुकडा माझ्यापुढे सरकवला. नळीतून पांढरं खाणं थेंब थेंब उतरत होतं.

“मीठ?” यांनी विचारलं.

“ठीक आहे.”

यांना पटलं नाही. माशाला लागलेलं बोटाचं टोक जिभेला लावलं आणि डोळे मिटले. मी दात घासायचा पेला उचलून हनुवटीखाली धरला. हे वाकून थुंकले.

“कमी आहे,” म्हणाले.

उद्याबद्दल मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. ओठ पुसता पुसता मी हात कपाळापर्यंत नेला. कोमट लागलं. दिवसभर उन्हात होतो, उन्हाचंही असेल. हात तिथेच ठेवून मी पुढचा तुकडा खाल्ला; हे तो माझ्या घशाखाली उतरेपर्यंत बघत राहिले.