डाव्या बाजूची भेग

साडेसहाला उठून त्याने दूध तापत ठेवले, साय धरू लागताच आच कमी केली, रक्तदाबाची गोळी घेतली आणि आरशासमोर उभे राहून छोट्या कात्रीने मिशा सारख्या केल्या. चाळीस वर्षे चित्रपटांसाठी लाकडाच्या आणि प्लास्टिकच्या प्रतिकृती बनवलेल्या माणसाला केसभराचा फरकही खटकत असे. मग त्याने चहा केला, दोन कप टेबलावर ठेवले आणि चष्मा पुसत मुलीची वाट पाहिली.

सात वाजता ती चार कागद घेऊन आली. ती वर्तमानपत्रात चित्रपटांची परीक्षणे लिहीत असे. तिचे पान सकाळी अकरा वाजता छपाईला जाई आणि त्याआधी दर गुरुवारी त्याची पेन्सिल मजकुरावरून फिरे. त्याच्यासाठी ती अक्षरे मुद्दाम मोठी छापून आणी.

दोन कागद वाचून त्याने मान वर केली. "ठमे, एवढं वाचून झालं तरी चित्रपट चांगला की वाईट, पत्ता नाही."

"मलाच लागलेला नाही, बाबा. तेच तर लिहिलंय." तिने चहाचा घोट घेतला. "ते ग्रह, ती वादळं, डोळे दिपतात हो. पण माणसांनी तोंड उघडलं की वाटतं, कुणी माहितीपत्रक वाचून दाखवतंय. आणि प्रत्येक गोष्टीचा खुलासा! मूळ चित्रपटात जे जे गूढ होतं, ते सगळं धुऊन वाळत घातलंय."

"तरी रडलीस."

"एकदाच. भेगेच्या प्रसंगाला. त्याला जबाबदार तुम्ही."

मूळ चित्रपट एकतीस वर्षांपूर्वीचा होता. निर्मनुष्य ग्रहावर एक रिकामे अंतराळयान सापडते आणि त्याच्या डाव्या बाजूला एक लांबलचक भेग असते, एवढीच त्याची सुरुवात. भेग कशाने पडली, हे त्यानंतरच्या चार भागांत कुणी सांगितले नव्हते. आता आलेल्या या महत्त्वाकांक्षी पूर्वकथेने तेच सांगायला अडीच तास घेतले होते. यानात कोंडलेली एक स्त्री बाहेर पडण्यासाठी आतून भिंत फोडू पाहते आणि भेग पडते, पण दार उघडत नाही. काल दुपारी पत्रकारांच्या खेळाला बापलेक शेजारी बसले होते. मुलगी रडत असताना त्याने पडद्यावरची नजर काढून घेतली होती.

तिसरा कागद संपवून त्याने चौथा उचलला. शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिले होते, की या अवाढव्य चित्रपटात खरी अशी एकच गोष्ट आहे आणि ती एका कारागिराच्या हातांनी तीन दशकांपूर्वीच विचारपूर्वक घडवून ठेवली होती; तो कारागीर आपला पिता आहे, हे सांगताना लेखिकेला संकोच वाटत नाही.

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली.

"काय झालं? फार गोड झालं का?"

"हे काढ."

"अहो, लाजताय काय? तुमची ती मुलाखत त्यांनी जशीच्या तशी उचललीये. 'आतून कुणीतरी बाहेर यायची धडपड केली असावी असं वाटावं, म्हणून भेग पाडली.' त्या एका वाक्यावर सबंध चित्रपट उभा आहे."

"तेच वाक्य खोटं आहे."

मुलीने कप खाली ठेवला.

त्याने सांगायला सुरुवात केली, आणि इतकी वर्षे मनात घोळवूनही ते जेमतेम पाच मिनिटांत संपले. कार्यशाळेत त्याच्यासोबत एक जण होता, सगळे त्याला लांब्या म्हणत. हात सोन्याचे, पण पाय कुठे पडतील याचा नेम नाही. "माझ्या पायांपर्यंत मेंदूचा निरोप उशिरा पोचतो," असे तो स्वतःच म्हणायचा. साडेतीन हात लांबीचे ते यान चित्रीकरणाच्या मेजाकडे नेताना तो दिव्याच्या वायरीत अडखळला. यान मेजाच्या कोपऱ्यावर आपटले. व्यवस्थापकाने त्याला त्याच दुपारी घरी पाठवले. भेग बुजवायचे काम याच्याकडे आले. निम्मी बुजवून झाली असताना दिग्दर्शक आला, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, राहू द्या अशीच.

"मी भरलेलं परत खरवडून काढलं, कडा काळ्या केल्या. तेवढंच माझं. पुढे चित्रपट गाजला, मुलाखतवाल्यानं विचारलं, भेग कशी सुचली? मी तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेर पडलं. चांगलंही वाटलं ऐकायला."

"आणि ते लांब्याकाका?"

"त्याला पुन्हा कुणी कामावर घेतलं नाही. यान पाडणारा माणूस म्हणून नाव झालं होतं."

"दिग्दर्शकाला भेग आवडली, हे त्यांना कळवलंत?"

"नाही."

"आहेत का ते?"

"माहीत नाही." तो टेबलाकडे पाहत म्हणाला. "शोधलंच नाही मी."

ती उठून खिडकीशी गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "म्हणजे काल मी जिच्यासाठी रडले..."

"ते तुझं खरं होतं. ते लिही. प्रसंग चांगलाच जमलाय. पण परिच्छेद बदल. मी सांगतो तसं टाक, भेग लांब्याच्या हातची होती, आणि..."

"नाही." तिने कागद त्याच्या हातातून काढून घेतले. "माझ्या परीक्षणाच्या शेपटाला तुमची कबुली बांधायची नाही, बाबा. तिथे ती मुलीनं केलेलं कौतुकच वाटेल. ओळी मी काढते. बाकीचं तुम्ही लिहा, तुमच्या नावानं."

"छापतील?"

"तुमच्या त्या वाक्यावर एवढा चित्रपट निघालाय. छापतील. लोक काय म्हणतील, ते मात्र तुम्हालाच ऐकावं लागेल. थोडं मलाही."

साडेनऊला ती निघून गेली. जाताना एरवीसारखी पाठीवर थाप पडली नाही.

त्याने कोरा कागद घेतला. पहिल्या मसुद्यात दिग्दर्शक फार आला होता, दुसऱ्यात त्या काळची परिस्थिती. दोन्ही त्याने फाडले. तिसऱ्यात त्याने फक्त काय घडले तेवढे लिहिले, आणि लांब्याचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आठवून सुवाच्य अक्षरांत घातले. त्याचा ठावठिकाणा कुणाला माहीत असल्यास कळवावे, अशी विनंती केली. खाली स्वतःचे नाव आणि घरचा पत्ता लिहिला.

वर्तमानपत्राचे कार्यालय चार चौक पुढे होते. तो चालतच गेला. खिडकीमागच्या बाईने विचारले, "मुलीला द्यायचंय का? तिला खाली बोलावू?"

"नको. वाचकांच्या पत्रांत टाका."

तिने पाकिटावर तारखेचा शिक्का मारला आणि ते इतर पत्रांखाली सरकवले.