जगनची पोटरी आणि खिडकीची जागा

"बेळगाव सुटलं ते डायरेक पेणला उतरलो! बारा तास! मधी लघवीलापन उठलो नाय," जगनने छाती काढून सांगितलं.

हे तो पेणच्या एका दवाखान्यात, डॉक्टर मृणालींच्या टेबलावर आडवा पडून सांगत होता. त्याची डावी पोटरी त्या वेळी त्याच्याच मांडीशी बरोबरी करायला निघाली होती.

"आणि पाणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"घोटभरपन नाय. पाणी पिलं की उठाया लागतं. उठलं की खिडकी गेली."

यात्रेच्या बसचा कायदाच तसा आहे. जो उठला त्याची जागा गेली, मग तो देवदर्शनाला उठलेला असो की आणखी कशाला. त्यात जगनच्या मागच्या सीटवर रोह्याचे रघुनाथ गुरुजी होते. रिटायर हेडमास्तर. रामेश्वरापासून त्यांचा डोळा त्या खिडकीवर. दर अर्ध्या तासाने ते मागून विचारायचे, "जगनराव, पाय मोकळे करायचे नाहीत का?" आणि जगन म्हणायचा, "मोकलंच हायत!"

डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती.

"ही सुटून फुफ्फुसात गेली असती तर तुमची यात्रा तिथंच संपली असती," डॉक्टर म्हणाल्या.

"खिडकीपायी?"

"बारा तास न हलता बसल्यापायी. आणि तहानलेलं राहिल्यापायी."

जगनला ते काही पटलं नाही. "अवो, या पायांनी चालीस वर्सं मिठागर तुडवलंय! मिठानं यांचं काय वाकडं केलं नाय, तिथं बसची सीट काय करनार?"

"चाळीस वर्षं हलत होते म्हणून काही झालं नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्या संपल्या, पोटरी आपल्या मापाला आली, आणि मग जामनगरहून फोन आला. जगनचा मुलगा अमोल तिकडे कंपनीत आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पाळणा हलत नव्हता. आता मुलगी झाली होती आणि बारसं ठरलं होतं.

जगनची बायको बायजाबाई फोनवर रडल्या, हसल्या, परत रडल्या. जगनने फोन हिसकावला. "मी येतंय! पोरीला पयला मी घेनार!"

"बाबा, सोळा तासांचा प्रवास आहे," अमोल म्हणाला. "तुम्ही परत दगडासारखे बसणार. मी डॉक्टरांशी बोललोय. त्या हो म्हणतात, पण अटी आहेत. तासाला उठून चालायचं, पाणी प्यायचं, घोटे हलवायचे, आणि त्यांनी मापाने दिलेले घट्ट मोजे घालायचे."

"घालीन की."

"तुमच्यावर विश्वास नाही. आधी पेण ते रोहा ट्रेनने जाऊन दाखवा. परीक्षा. रघुनाथ गुरुजींनी पास केलं तर तिकीट काढतो. नाहीतर आई एकटी येईल."

"गुरुजी? तो खिडकीचोर?"

"ते मला दहावीला होते, बाबा. ते कुणालाच उगाच पास करत नाहीत."

मोज्यांपासूनच सुरुवात झाली. मोजा गुडघ्यापर्यंतचा, पण हातात घेतला तर लहान पोराचा वाटावा. जगनचा पाय टाचेशी अडला.

"अवो, असा नाय जायाचा," बायजाबाई म्हणाल्या. त्यांचंही निम्मं आयुष्य मिठागरात गोणी भरण्यात गेलेलं. "गोनीत मीठ कसं बसवतात? तोंड ताणून धरायचं आनि गोनी आपटायची."

"मंग?"

"मंग काय? मी तोंड धरतंय. तुमी आपटा."

जगन पलंगाला धरून उभा राहिला आणि मोज्यासकट जमिनीवर पाय आपटू लागला. चौथ्या आपटीला शेजारचा महिपती भिंतीपलीकडून ओरडला, "काय भांडन चाललंय काय गो, वयनी?"

"नाय वो, ह्यांना भरतंय!"

पाऊण तासात दोन्ही पाय भरून झाले.

पेण स्टेशनवर रघुनाथ गुरुजी आधीच हजर होते. गळ्यात शिट्टी, हातात पॅड, पॅडला तक्ता.

"प्रवास सोळा तासांचा, आणि गाडी तर तासाभरात रोह्याला पोचते," ते म्हणाले. "म्हणून प्रमाण धरायचं. नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर असतात ना, तसं. इथं एक स्टेशन म्हणजे एक तास. कासू पहिला तास, नागोठणे दुसरा, निडी तिसरा, रोहा चौथा."

"आनि उरलेले बारा?"

"ते मी अंतर्गत गुणांत धरीन."

गाडी आली. जगनने कुणालाही कळायच्या आत खिडकी पकडली. गुरुजी समोर, बायजाबाई शेजारी, मांडीवर भाकरीचं गाठोडं. थोडा वेळ जगन पंजे वरखाली करत राहिला. गुरुजी पॅडवर बरोबरच्या खुणा करत राहिले. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की बायजाबाई बारशाला कुठलं लुगडं नेसायचं ते ठरवू लागल्या.

कासू आलं. गुरुजींनी शिट्टी मारली. प्लॅटफॉर्मवरचे दोघं दचकून मागे सरले.

"उठा, जगनराव! डब्यातून दोन फेऱ्या!"

जगन अर्धा उठला. दारातून पंधरावीस माणसं आत घुसत होती. त्याने खिशात रुमाल चाचपला. जागेवर रुमाल टाकल्याशिवाय उठलेला माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

"बायजे, रुमाल?"

"भाकरीला गुंडाललाय."

"सोड ना!"

"भाकऱ्या काय डोक्यावर घेऊ?"

घुसणारी माणसं दोन सीटांच्या अंतरावर आली. जगन खाली वाकला. जे मोजे चढवायला पाऊण तास लागला होता त्यांतला एक त्याने चार सेकंदांत ओढून काढला, खिडकीच्या जागेवर पसरला आणि चालू लागला.

"जगनराव! मोजा पायात!" गुरुजी ओरडले.

"पायात घालून जागा कशी धरायची, गुरुजी? तुमीच सांगा!"

गुरुजींनी पॅडवर पहिली फुली मारली.

दोन फेऱ्या मारून जगन परत आला तर खिडकीशी एक माणूस बसलेला. हरेश नावाचा, कासूलाच चढलेला, चेहऱ्यावरून अत्यंत सज्जन.

"इथं मोजा होता," जगन म्हणाला.

"व्हय, व्हय! तुमचा काय? मला वाटलं कुनाचातरी पडलाय. म्हटलं, चोरीला नको जायाला, म्हनून पुढं दिला विचारायला. पोचंल मालकाला."

"मालक मीच हाय!"

"मंग पोचंलच," हरेश समाधानाने म्हणाला.

बायजाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुमच्याकडंच पाठवला."

जगन डब्यातून पळत सुटला. मागोमाग पॅड घेऊन गुरुजी. मोजा हातोहात पुढे गेला होता आणि प्रत्येकाने त्यावर विचार केला होता. एका बाईने तो फडकं समजून नाकाला लावून पुढे दिला होता. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातला एक कारागीर म्हणाला, "सोंडेचं कव्हर ना? मस्त हाय. कुठं भेटतं?" पुढच्या डब्यात कुणी तो चहाची गाळणी म्हणून चहावाल्याकडे दिला होता. चहावाल्याने बघितलं आणि "भोकं बारीक हायत" म्हणून नाकारला होता.

नागोठणं गेलं. जगनला दम लागला, तहान लागली. एक बाटली संपवली, दुसरी एका ओळखीच्याची मागून घेतली. "या डब्यात नाय, मागल्या डब्यात," कुणी सांगितलं की मागे; "आता पुढं गेला" म्हटलं की पुढे. गुरुजी दांडीला धरून फेऱ्या मोजत होते. नवव्या फेरीला त्यांनी मोजणं सोडलं आणि नुसतंच "चालतोय" असं लिहिलं.

निडीच्या अलीकडे मोजा सापडला. विठू नावाच्या एका म्हाताऱ्याने तो हातात घातला होता, कोपराच्याही वरपर्यंत.

"काका, तो माजा पाय हाय," जगन म्हणाला.

"असंल. पन माजं कोपर तीन वर्सं दुखत होतं. आता बघ." विठूने हात वर केला, खाली केला. "लय ग्वाड वाटतंय."

"काढा, काका. नातीचं बारसं हाय."

विठूला त्याची दया आली. त्याने काढायचा प्रयत्नही केला. मग जगनने मोजा धरला, गुरुजींनी विठूला धरलं, आणि दोघांनी ओढलं. मोजा हातभर लांब झाला आणि सुटून गुरुजींच्या चष्म्यावर बसला.

जागेवर परत आले तर हरेश निडीला उतरून गेलेला. खिडकी रिकामी. जगन पुढे झाला, पण गुरुजी आधी बसले.

"गुरुजी!"

"परीक्षकाला उजेड लागतो," गुरुजी म्हणाले आणि तक्ता खिडकीत धरला.

रोहा आलं. प्लॅटफॉर्मच्या बाकावर गुरुजींनी शिंप्याची टेप काढली. बायजाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. डावी पोटरी मोजली. उजवी मोजली. परत डावी मोजली.

"मोजा एकाच पायात. नापास," गुरुजी म्हणाले.

बायजाबाईंनी डोळे उघडले. जगनचा चेहरा उतरला. त्याला ती न पाहिलेली नात दिसली, दुसऱ्याच कुणाच्यातरी मांडीवर.

"पण पोटऱ्या सारख्या," गुरुजी पुढे म्हणाले. "चालणं सोळा तासांना पुरेल इतकं. पाणी दोन बाटल्या. आणि कासूपासून खिडकीशिवाय जिवंत राहिलात, हे मी स्वतः पाहिलं. काठावर पास."

जगन गुरुजींच्या पाया पडायला वाकला. गुरुजी म्हणाले, "घोटे हलवत वाका."

अमोलने तिकिटं काढली. डॉक्टरांनी नवा जोड मापाने दिला, तो अर्ध्या तासात भरला. गाडीत खिडकी बायजाबाईंना दिली गेली. जगन दर तासाला न सांगता उठला, दर तासाला पाणी प्यायला, आणि डब्यातल्या अकरा जणांना गुठळीची माहिती देऊन त्यांनाही उभं केलं. बायजाबाईंनी अमोलला फोन करून सांगितलं, "तुजे बाबा सुदारले रे."

सुरतेला गाडी पाच मिनिटं थांबली. जगन प्लॅटफॉर्मवर सात मिनिटं चालला.