कापडावरचं कुंकू

मी एक जुनं स्नूकरचं टेबल आहे. पूल टेबल नाही, मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो. टेक्सासमधल्या अर्विंगला आल्यापासून जो तो मला पूल टेबल म्हणतो आणि दरवेळी मनातल्या मनात दुरुस्ती करायचा आता मला कंटाळा आलाय. पूल टेबल माझ्यापुढे पाटासारखं. मी बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि वजनाला एखाद्या मोटारीएवढा. मला आठ पाय आहेत आणि आठही दुखतात.

माझा जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा. ते पोलादाचं शहर. तिथल्या सुतारांनी माझे महॉगनीचे पाय कातले आणि वेल्सच्या खाणीतून पाटीचा दगड आणला. हो, तुमच्या आजी-आजोबांनी ज्यावर ग म भ न गिरवलं, तोच दगड. त्याच्या पाच जाड फरश्या शेजारी शेजारी बसवल्या आणि वर हिरवं लोकरीचं कापड ताणलं. या कापडाला लव असते. मांजराच्या अंगावरून आपण डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवतो ना, तसाच माझ्यावरून ब्रश एकाच दिशेनं फिरवायचा. खालच्या पांढऱ्या रेघेपासून वरच्या, काळ्या बॉलच्या टोकाकडे. उलटा हात फिरला की कापड रुसतं आणि बॉल वाकडा चालतो.

एका शिंप्याच्या दुकानावरच्या लांबलचक हॉलमध्ये आम्ही बारा टेबलं ओळीनं उभी होतो. पाळी सुटली की भट्टीवरचे कामगार जिना चढून यायचे. दारात बेसिन होतं आणि हात धुतल्याशिवाय कुणाच्या हाती क्यू, म्हणजे खेळायची काठी, पडत नसे. बायकांना मात्र आत यायलाच बंदी होती. शहाण्यासुरत्या माणसांनी हा नियम केला होता, काय बोलणार. पुढे टीव्ही रंगीत झाला, लाल-पिवळे बॉल घरोघरी दिसायला लागले आणि जगज्जेतेपदाचे सामनेसुद्धा आमच्याच शहरात भरू लागले. तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. नंबर लावून लोक माझ्यापाशी उभे राहत. ते माझे सुखाचे दिवस.

पण सगळे दिवस सारखे नसतात. भट्ट्या एकेक करून थंडावल्या आणि जिना चढणारी पावलंही कमी झाली. माझ्या शेजारची टेबलं मोडीत निघाली. त्यांच्या फरश्या कुणाच्या तरी बागेत पायवाटेला गेल्या, असं कानावर आलं. शेवटी आम्ही दोघंच उरलो, मी आणि मला ब्रश मारणारा म्हातारा हॅरल्ड.

त्याच सुमाराला मोरेश्वर आला. हा पुण्याकडचा इंजिनिअर, कंपनीच्या प्रोजेक्टवर शेफील्डला आलेला. संध्याकाळी एकटं वाटायचं म्हणून तो जिना चढला आणि दोन वर्षं चढतच राहिला. हॅरल्डनं त्याला ब्रश धरायला शिकवलं. "खालून वर, पोरा. नेहमी खालून वर," एवढंच तो म्हणायचा. २००१ साली हॉलला कुलूप लागायची वेळ आली आणि मोरेश्वरची बदली टेक्सासला झाली. घरसामान हलवायला कंपनीनं अख्खा कंटेनर दिला होता. या गड्यानं त्यात मला चढवलं. माझ्यापायी त्याच्या बायकोचं, आश्लेषाचं, शिवणाचं मशीन मागे राहिलं. ती ते अजून विसरलेली नाही.

अर्विंगच्या घरात मी मावेन अशी एकच जागा होती, दोन गाड्यांचं गॅरेज. मोरेश्वरचा मित्र अतुल नागपूरचा. मला जोडायला तो पाना घेऊन आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला.

"यार मोरेश्वर, कार बाहेर आणि टेबल आत? इथे गारा पडतात, ठाऊक आहे ना?"

"पडू दे. कारचा इन्शुरन्स आहे, याचा नाही."

त्यातून अर्विंगची जमीन म्हणजे काळी चिकणमाती. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि पाऊस पडला की फुगते, घरंसुद्धा वर-खाली होतात. माझी पातळी काही ठरेना. शेवटी मोरेश्वरनं एका पायाखाली लग्नपत्रिकेची घडी सरकवली. आश्लेषानं ती ओढून काढली, वरचा गणपती कात्रीनं कापून देवघरात ठेवला आणि उरलेली पत्रिका परत दिली. "आता घाल पायाखाली," ती म्हणाली. कुणा चंद्रशेखरच्या लग्नाच्या स्थळ-काळावर मी आजही उभा आहे.

दर रविवारी मोरेश्वर माझी पातळी बघायचा, ब्रश मारायचा, कोमट इस्त्री फिरवायचा. गाडी धुवायला त्याला वेळ मिळत नसे, पण माझं सगळं यथासांग व्हायचं. अशी निगा मला शेफील्डलाही मिळाली नव्हती. मी थोडा शेफारलोही असेन.

२००४ साली त्याची आई, अहिल्याबाई, सहा महिन्यांसाठी चिंचवडहून आल्या. त्यांचे यजमान कारखान्यात लेथवर होते. त्यांना जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. मुलगा-सून ऑफिसात, नात इशिता शाळेत आणि गाडीशिवाय बाहेर पडायची सोय नाही. दिवसभर त्या घरात एकट्याच असायच्या. दुपारी गॅरेजचं दार उघडून माझ्यापाशी येऊन बसायच्या. शेफील्डच्या त्या शहाण्यांना मी मनात म्हणायचो, बघा, कोण आलंय.

खंडेनवमीचा दिवस आला. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. अहिल्याबाईंनी मिक्सरला हळदकुंकू वाहिलं, कम्प्युटरला वाहिलं, दारातल्या गाडीला वाहिलं. मग ताम्हन घेऊन त्या माझ्याकडे आल्या. माणूस ज्याची एवढी निगा राखतो ते त्याचं हत्यारच असणार, असा त्यांचा हिशेब. आणि त्यात चूक तरी काय होतं? दर खंडेनवमीला कारखान्यात जाऊन यजमानांचा लेथ पुसायच्या तसं त्यांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं, वरून खाली, म्हणजे नेमकं उलटं. मग काळ्या बॉलच्या जागेशेजारी ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट उमटवलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. मित्रांनो, उभ्या जन्मात मला कुणी हात जोडले नव्हते.

संध्याकाळी मोरेश्वर आला. त्यानं फूल उचललं आणि खालचा लाल डाग बघितला.

"आई, कशाला हात लावलास याला? हे काय देवघर आहे? हे कापड इथे मिळत नाही. विचारायचं तरी होतंस."

"मला वाटलं, तुझं…"

"तुला काही वाटून घ्यायची गरज नाही. कळत नाही तिथे हात लावू नये."

अहिल्याबाईंनी ताम्हन उचललं आणि त्या आत गेल्या. त्यानंतर गॅरेजमध्ये त्या कधी आल्या नाहीत. पण स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. "मोरेश्वर, ही वाटी घेऊ का?" "आश्लेषा, हा दिवा लावू का गं?" परत जाईपर्यंत त्या प्रत्येक गोष्ट विचारून करत होत्या. ते ऐकणं मला फार जड गेलं. मोरेश्वरलाही गेलं असणार, कारण त्यानं खेळणं सोडलं. डाग घासायचा प्रयत्नही केला नाही. माझ्यावर आच्छादन टाकलं आणि त्यावर हळूहळू तांदळाच्या गोणी, जुने मॉनिटर, इशिताचे लहान झालेले बूट असं काहीबाही साठत गेलं. चार वर्षांत ब्रशचं नाव नाही. जमीन हलत राहिली, मी एका कोपऱ्याकडे झुकत गेलो.

रविवारी चिंचवडला फोन व्हायचा. मोरेश्वर गॅरेजमध्ये येऊन, स्पीकर लावून बोलायचा.

"टेबल बरं आहे ना रे?" अहिल्याबाई आठवणीनं विचारायच्या.

"आहे. आई, तू ये ना या वर्षी."

"नको बाबा. तुझ्या घरात कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, ते माझ्या लक्षात राहत नाही."

त्यांच्या आवाजात राग नसायचा. असता तर बरं झालं असतं.

२००८च्या जूनमध्ये अतुलनं स्वतःचं घर घेतलं. "तू खेळत तर नाहीस, यार. फरश्या मला दे, बॅकयार्डमध्ये बसायला मस्त पॅटिओ होईल," तो म्हणाला. मोरेश्वर "ने" म्हणाला. माझी पायवाट व्हायची वेळ आली तर! खरं सांगू का, मी इतका थकलो होतो की मला त्याचंही फार काही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी अतुल पाना घेऊन आला. गोण्या उतरल्या, आच्छादन निघालं. अकरा वर्षांची इशिता डोकावली.

"व्हॉट्स दॅट रेड थिंग, बाबा?"

"कुंकू आहे. आजीनं लावलं होतं."

"व्हाय?"

मोरेश्वरनं तिला खंडेनवमी सांगितली. आजोबांचा लेथ सांगितला. मग, मला अपेक्षा नव्हती, पण स्वतः काय बोलला तेही सांगितलं.

"डिड यू से सॉरी?"

अतुल पान्याशी उगाच चाळा करत होता. मग मोरेश्वरनं आश्लेषाला कुंकवाचा करंडा मागितला, कॉलिंग कार्डचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्या लाकडी कडेवर ठेवला.

"आई, टेबलाची पूजा कशी करायची ते सांग."

"अरे, आत्ता कुठली खंडेनवमी? ज्येष्ठ चाललाय."

"चार वर्षांपूर्वीची आहे. ती मी मोडली होती. माझं चुकलं, आई."

अतुलनं हळूच विचारलं, कार्डातले पैसे संपले का.

"आई? आहेस ना?"

"आहे." अहिल्याबाई म्हणाल्या. "आधी पुसून घे. तू ब्रश फिरवायचास तसंच, एकाच दिशेनं. फडकं कोरडं घे. आणि हे बघ, कुंकू कापडाला नको लावूस. लाकडाला लाव. लाकडावरचं पुसता येतं."

चार वर्षं त्या माउलीनं याचाच विचार केला होता. मोरेश्वरनं ओल्या कुंकवात बोट बुडवलं, लाकडाजवळ नेलं आणि तिथेच थांबला.

"लावलंस का?"

"लावलं."

"लाकडाला ना?"

"नाही. तू लावलं होतंस तिथंच."

"वेडा रे वेडा. कापड खराब होतं त्यानं," अहिल्याबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तिकडची थंडी कधी सरते?"

"मार्चमध्ये."

"मग त्यानंतरचं तिकीट बघ."

अतुल पाना घेऊन आला तसा परत गेला. त्याच्या पॅटिओला आता दुकानातल्या विटा आहेत. मी अजून सरळ नाही. बॉल डावीकडे ओढतो आणि कुंकवावरून जाताना अडखळतो. पट्टीचा खेळाडू नाक मुरडेल. पण या घरात नवा नियम झालाय. "आजीज स्पॉट!" असं इशिता ओरडली की तो फटका पुन्हा मारायला मिळतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. ब्रश खालून वर फिरवा, ओलं फडकं लावू नका. पण कुणी मायेनं चुकीच्या जागी हात लावलाच, तर वस्तूची बाजू घेऊन त्या माणसाला तोडू नका. आम्ही पाटीचे दगड, आमचं काय बिघडतं? मला आता मार्चपर्यंत उभं राहायचं आहे. तोवर खालच्या जमिनीनं जरा दमानं घ्यावं, एवढंच.