तिरडीवरचा टेक

मित्रांना गोळा करून मोबाइलवर सिनेमे काढणाऱ्या अंकुरने वीरेंद्रच्या बाबांना, कवडूकाकांना, तिगावच्या संत्राबागेत तिरडीवर झोपवलं होतं. काका दरवेळी मधेच खुदखुदत उठून बसत. शेवटी एकदाचे निपचित पडले आणि टेक पास झाला.

महिन्याभरात काका खरोखरच गेले. तेरवीनंतर मुंडण केलेला वीरेंद्र अंकुरकडे आला.

"आई म्हणून राहिली, बाबा हसत होते थे व्हिडिओ दे. घरी हसतानाचा एकही फोटो नाही, गड्या."

मोबाइलमध्ये जागा नव्हती, म्हणून बिघडलेले सगळे टेक अंकुरने शूटिंगच्याच दिवशी उडवले होते. उरलेला एकच त्याने लावून दिला.

वीरेंद्रने पाहिलं आणि मोबाइल परत केला.

"हे तं आम्ही पाह्यलंच न रे, अंकुर."